मागून घेतलेली लाथ

माझ्या सासूने माझ्या कमरेत तीन लाथा मारल्या, हे मी सुरुवातीलाच सांगून टाकते. नाहीतर पुढे दुसरं कुणीतरी सांगेल आणि तुम्हाला वाटेल, मी लपवलं. लाथा भांडणातल्या नव्हत्या. मी स्वतः मागून घेतल्या होत्या, ओट्यावर पालथी पडून, नवऱ्याच्या देखत.

मी सोनईजवळच्या एका हायस्कूलात खेळाची शिक्षिका आहे. नाव एस्तेर, पण घरात आणि गावात एस्तर. मुली समोर बाई म्हणतात आणि पाठीमागे शिट्टीबाई. लग्नाआधी दहा वर्षं कबड्डी खेळले. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो आणि नाक चांगलं लांब आहे. सोशिक, शांत, हसतमुख आजारी बाईची गोष्ट ज्यांना हवी असेल, त्यांची इथे निराशा होईल. कमरेतली नस दबते तेव्हा माणूस सोशिक राहत नाही. तो समोर येईल त्याला मारतो, आणि समोर घरचेच असतात.

ज्यांच्या कुल्ल्यातून पायात कळ उतरते आहे, आणि जे आत्ता घरातल्या घरात ‘बघू उद्या’ म्हणत पडले आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

पायाळू

माझ्या सासूबाई, राहेलबाई, पायाळू आहेत. म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आले, मग डोकं. आमच्याकडे समज असा, की कुणाच्या कमरेत उसण भरली, वाकताना चमक निघून माणूस तिथेच अडकला, तर पायाळू माणसाने त्याच्या कमरेला तीन वेळा पाय लावायचा. की उसण गेली.

दुसरीकडचे पायाळू नुसता अंगठा टेकवतात. आमच्या आईंना, म्हणजे सासूबाईंना, ते पटायचं नाही. “उसण काय लाजाळूचं पान हाय व्हय, बोट लावलं की मिटायला?” असं म्हणून त्या टाचेने हाणायच्या. आधी डोळे मिटून प्रभूचं नाव, मग टाच. रविवारची उपासना सुटली की आमच्या ओट्यावर चारसहा माणसं पालथी पडलेली असत. त्यात हिंदू असत, मुसलमान असत, आमची ख्रिस्ती माणसं तर असतच. आमच्या पाळकसाहेबांनी एकदा प्रवचनात असल्या समजुतींवर बरेच कोरडे ओढले. पुढे त्यांचीच कंबर धरली, तेव्हा ते मागच्या दाराने आले आणि पडले पालथे. आईंनी त्यांना जरा जास्तच मनापासून हाणलं असावं, कारण त्यानंतर त्या विषयावर प्रवचन झालं नाही.

मी हे सगळं बघून हसायचे. शिकलेली बाई ना मी. पण हसायचे तसा थोडा विश्वासही ठेवायचे. ज्या घरात रोज एकच गोष्ट घडते, तिथे तिच्यावर अविश्वास ठेवणं फार कष्टाचं काम असतं.

मॅट

तालुक्याच्या स्पर्धा यंदा आमच्या शाळेवर होत्या. कबड्डीच्या मॅटचे जाड रबरी तुकडे टेम्पोतून उतरवायचे होते. शिपाई चहाला गेलेला, टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता आणि मला वाट बघता येत नाही. मी वाकले, तीन तुकडे एकदम छातीशी धरले आणि उचलता उचलता कमरेतून वळले. वाकणं, वजन आणि वळणं, ही तीन कामं एकदम करू नका, असं मी मुलींना दरवर्षी सांगते. वजन अंगाजवळ घ्या, गुडघ्यात बसा, वळायचं तर पाय वळवा. सांगायला मी हुशार आहे.

कमरेत फार काही झालं नाही. झालं ते पायात. उजव्या कुल्ल्यातून निघालेली कळ मांडीच्या मागून पोटरीत आणि पोटरीतून पावलावर उतरली. ओली चादर दोघींनी दोन टोकांना धरून पिळावी तसा माझा पाय कुणीतरी पिळत होतं आणि पीळ सोडत नव्हतं. मी खाली पडले. टेम्पोवाल्याने उठवायला हात दिला, तर त्याच्या मनगटाला चावले. तो घाबरून ओरडला. मीही ओरडत होते, त्यामुळे कोण कुणाला मारतंय हे बघायला अख्खी शाळा जमली.

सोनईच्या डॉक्टरांनी तपासलं. पाय सरळ उचलून बघितला, तेव्हा मी त्यांच्याही टेबलाला लाथ घातली. ते शांत माणूस. म्हणाले, “नस दबली आहे. बहुतेक माणसं औषधांनी आणि थोड्या दिवसांच्या सबुरीने बरी होतात, चाकू लागत नाही. पण तीन गोष्टी ध्यानात ठेवा. पाऊल लुळं पडलं, बसायची जागा बधिर झाली किंवा लघवी अडली, तर माझी वाट बघायची नाही. थेट नगर गाठायचं.”

मी तिन्ही गोष्टी ऐकल्या आणि फक्त ‘सबुरी’ हा शब्द घरी घेऊन आले, कारण त्याचाच मला राग आला होता.

गॅप

घरी बघायला येणाऱ्या प्रत्येकाला माझं निदान ठाऊक होतं. “मणक्यात गॅप पडलाय.” जणू भिंतीला तडा गेलाय आणि आता सिमेंट भरायचं बाकी आहे. कुणी पट्टा सांगितला, कुणी फळीवर झोपायला सांगितलं, कुणी तेल आणलं. एकीने तर मला झाडाला लोंबकळायला सांगितलं. मी तिला म्हटलं, “दोरी गळ्याला बांधू का हाताला?” ती परत आली नाही.

मला बसता येत नव्हतं. झोपले तर कूस बदलता येत नव्हती. शिंक यायला लागली की मी उशी तोंडात कोंबायचे, कारण एका शिंकेत कळ टाळूपासून अंगठ्यापर्यंत सपकन जायची. शेकायची गरम पाण्याची पिशवी मी भिंतीवर फेकून फोडली. नवऱ्याने, शांतवनने, गोळी आणून दिली, तर पेला त्याच्या अंगावर भिरकावला. तो शेतकरी माणूस, दिवसभर उसात राबून यायचा आणि दारातच चपला काढून उभा राहायचा, आत यावं की नाही याचा अंदाज घेत.

“एस्तर, जरा दमानं घे,” तो म्हणायचा.

“दम तुम्ही घ्या. मला पाय आहे,” मी म्हणायचे. याला काही अर्थ नाही, हे मलाही कळत होतं.

औषधांनी कळ थोडी हलकी झाली होती, हे मी आज मान्य करते. पण स्पर्धा तोंडावर आल्या होत्या. माझ्या मुली दुसऱ्या कुणाच्या शिट्टीवर खेळणार, हे मला सहन होत नव्हतं. त्या दुपारी मी चौकट धरधरून ओट्यावर गेले आणि आईंच्या पुढ्यात पालथी पडले.

“हाणा,” मी म्हटलं.

घरच्याला दुप्पट

आई शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं. “न्हाई बाई. घरच्या मानसाला लागत न्हाई पायाळूचा पाय.”

“का लागत नाही? मी काय दगडाची आहे?”

“तसं न्हाई गं. रोज एका घरात वावरतो, एका ताटातलं खातो. माझा पाय तुझ्या अंगाला परका ऱ्हायला न्हाई. माझी सासू सांगायची, घरच्याला लावायचाच असंल तर दुप्पट जोरानं लावावा लागतोय. मी न्हाई कवा लावला.”

“मग लावा दुप्पट. का गावाच्या कमरा मोडायला तेवढा तुमचा पाय उठतो?”

शांतवन तेवढ्यात रानातून आला होता. तो म्हणाला, “आई, लाव बरं एकदाचा. घरात बसवंना झालंय.” त्या वाक्याबद्दल मी त्याला पुढे बरंच ऐकवलं, पण त्या वेळी मला ते अगदी रास्त वाटलं.

आई उठल्या. लुगड्याचा काष्टा खोचला. सत्तरी उलटलेली बाई, पण जन्मभर उसात आणि कांद्यात राबलेली. त्यांनी खांबाला धरलं, प्रभूचं नाव घेतलं आणि पहिली टाच मारली. माझे दात जिभेवर बसले. दुसरीला तोंडात रक्ताची चव आली. तिसरीला कमरेच्या आत काहीतरी सरकलं. आवाज झाला नाही. आपल्या अंगातला कुणीतरी उठून दुसऱ्या खोलीत जाऊन बसला, एवढंच कळलं.

आणि कळ थांबली.

खरंच थांबली. मी श्वास घेऊन बघितला, खोकून बघितलं. काही नाही. मी रडायला लागले, आई रडायला लागल्या, शांतवनने आईच्या पायाला हात लावला. मी उठले. भिंत न धरता चार पावलं चालले. चुलीपाशी जाऊन स्वतः चहाचं आधण ठेवलं.

“वहिनी, तुमची चप्पल,” शेजारची सून अंगणातून म्हणाली.

माझी उजवी चप्पल ओट्यावर राहिली होती. मी एका पायात चप्पल आणि एका पायात काही नाही अशी आत आले होते, आणि मला समजलंच नव्हतं. मी हसले, परत गेले, चप्पल घातली. पुन्हा निघाले, पुन्हा चप्पल मागे. मग मी खाली बघितलं. उजवं पाऊल जमिनीवर पडून होतं. मी त्याला वर व्हायला सांगितलं. ते ऐकत नव्हतं.

मग संडासात जाऊन बसले, तर लघवी होईना. पोट तटतटलेलं, आणि तरी होईना. बसल्या जागी हात लावला, तर ती जागा माझी नव्हती. दुसऱ्या कुणाच्या अंगाला हात लावावा तसं वाटलं. डॉक्टरांच्या तिन्ही गोष्टी एकापाठोपाठ एक आठवल्या.

कळ गेली नव्हती. कळ कळवणारी नसच गुदमरली होती. दुखायचं अचानक थांबलं आणि पाय जड झाला, तर देवाचे आभार मानत बसू नका. गाडी काढा.

निदानाचा दिवस

शेजाऱ्यांच्या जीपमध्ये मागच्या सीटवर आडवी होऊन मी नगरला गेले. आता पाटीवर अहिल्यानगर आहे, आमच्या तोंडात अजून नगरच. रस्त्यातला प्रत्येक खड्डा मला ऐकू येत होता, पण कमरेखाली जाणवत नव्हता. तेच जास्त भयंकर होतं.

एमआरआयच्या नळीत घालतात तेव्हा कानाशी कुणीतरी पत्रा ठोकत असतं. मी आत पडून प्रार्थना करायचा प्रयत्न केला, पण तोंडातून शिव्याच येत होत्या. मॅटला, टेम्पोवाल्याला, सासूला, आणि शेवटी ज्याची प्रार्थना करत होते त्यालाही.

सर्जन तरुण होते. फोटो उजेडावर धरून म्हणाले, “दोन मणक्यांमधल्या गादीचा मोठा तुकडा सुटून नसांच्या जुडग्यावर बसला आहे. ऑपरेशन आजच करायचं. उद्या नाही.”

शांतवन हात जोडून उभा. “साहेब, मनक्याचं आपरेशन केल्यालं मानूस खाटंवरून उठत न्हाई म्हनत्यात. आमी शेवगावच्या मामांना इचारून घेतो.”

“मामांच्या पायात ताकद आहे ना?” सर्जन म्हणाले. “यांच्या पायातली चालली आहे. केलं तर परत येईल याची हमी मी देत नाही. नाही केलं, तर गेलेलं तसंच राहील आणि लघवीची पिशवी जन्माची सोबतीण होईल.”

मी विचारलं, “हे लाथेने झालं का?”

आई दाराशी उभ्या होत्या. सर्जनांनी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. “लाथेने झालं असेल. लाथेशिवायही झालं असतं, असंही होऊ शकतं. तुकडा आधीच सुटायला आला असेल. मला खरंच सांगता येणार नाही. पण पुन्हा कुणाला मारू देऊ नका.”

मला ‘हो’ हवं होतं. स्वच्छ, पक्कं ‘हो’. राग ठेवायला एक जागा हवी होती आणि या माणसाने ती अर्धीच दिली. उरलेली मी स्वतःच भरून काढली. आईंनी पाण्याचा पेला पुढे केला, तो मी हिसकावून त्यांच्यावर फेकला. स्टीलचा पेला, भुवईवर बसला. लगेच टेंगूळ आलं.

“माझ्या डोळ्यांसमोर येऊ नका,” मी म्हटलं.

त्यांनी पेला उचलला, पदराने पुसला आणि शांतवनच्या हातात दिला. मग त्या बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या. मला आत नेलं तेव्हा त्या बाकावरच होत्या, बाहेर आणलं तेव्हाही. मी तोंड फिरवलं.

वॉर्ड

ऑपरेशननंतर माझं शरीर माझ्या मालकीचं राहिलं नाही. दोन मावश्या यायच्या, एक खांद्याला, एक कुल्ल्याला धरायची आणि मला ओंडक्यासारखी एकसंध वळवायच्या. कुणी ताप बघायचं, कुणी पट्टी बघायचं, कुणी तळव्याला टाचणी लावून विचारायचं, “टोचतंय का?” नाही म्हणताना मला प्रत्येक वेळी परीक्षेत नापास झाल्यासारखं वाटायचं. खाटेखाली लघवीची पिशवी लोंबकळत असायची आणि भेटायला आलेल्या माणसांचे डोळे बरोबर तिच्यावर जायचे.

माझ्या शेजारी कर्जतची पारूबाई होती. तिची मानेतली नस दबलेली, डाव्या हातातून भाकरी सुटायची. पहिल्या दिवशी तिने मला विचारलं, “तुमी लई शिव्या देता झोपंत. मास्तरीन हाय का?” मी हो म्हटलं. “वाटलंच,” ती म्हणाली. आमची त्यावर मैत्री झाली. तिच्या मानेसाठी चाकू लागला नाही. ती पट्टा आणि व्यायामावर घरी गेली, आणि जाताना आपली जाड उशी माझ्या गुडघ्यांमध्ये ठेवून गेली. कुशीवर झोपताना गुडघ्यांत उशी घेतली की कमरेला किती आराम पडतो, हे मला इतक्या वर्षांच्या खेळात कुणी सांगितलं नव्हतं.

लघवीची नळी काढली त्या सकाळी सिस्टर म्हणाल्या, “आपोआप झाली तर ठीक, नाहीतर परत घालावी लागेल.” मी संडासात जाऊन नळ सोडून ठेवला, डोळे मिटले. इतकी मनापासून प्रार्थना मी माझ्या लग्नातही केली नव्हती. बराच वेळ काही नाही. मग थेंब थेंब, मग धार. मी आतून ओरडले, “झाली.” बाहेर दोन्ही मावश्यांनी टाळ्या वाजवल्या. असल्या गोष्टी लोक लिहीत नाहीत. मला मात्र शाळेला मिळालेल्या कुठल्याच ढालीचा एवढा आनंद झाला नव्हता.

पाऊल मात्र उठेना.

घर

घरी आले ती वॉकर धरून, बुटात प्लास्टिकची पट्टी घालून. पट्टी नसली की पाऊल फरशीवर फटक फटक आपटायचं. तो आवाज घरात कुणालाच सहन होत नव्हता. शांतवन बाहेर जायचा. मी आणखी जोरात आपटत चालायचे.

आईंशी बोलत नव्हते. त्या जेवण दारात ठेवायच्या. रविवारी माणसं यायची, तेव्हा ओट्यावरून त्यांचा आवाज ऐकू यायचा. “माझा पाय मेला. दुसरीकडं जावा.” माणसं निघून जायची. कुणीतरी जाताना कुजबुजायचं आणि ते कुजबुजणं माझ्यापर्यंत बरोबर पोचायचं. सुनेला लंगडी केली. ते ऐकून मला बरं वाटायचं. वाटलं, वाईट वाटायला हवं, पण नाही वाटलं.

फिजिओथेरपिस्ट मॅडमनी पायाचे व्यायाम शिकवले होते. टाच टेकवून पंजा वर उचलायचा. उचलत नसेल तरी मनाने उचलायचा, रोज, पुन्हा पुन्हा. समोर कुणीतरी बसून बोटांच्या वर तळहात धरायचा, म्हणजे मनाला ठिकाण मिळतं. शांतवनला ते जमेना. तो हात धरायचा आणि दुसऱ्या हाताने मोबाईलवर उसाच्या तोडणीचं बोलायचा. एकदा मी तो मोबाईल काठीने उडवला. त्यानंतर तो बसेनासा झाला.

अशाच एका दुपारी स्वयंपाकघरातून ठोकल्याचा आवाज येऊ लागला. धप, थांबून धप. मला वाटलं, आई शेंगदाणे कुटत असतील. पण आवाज ओला होता. मी वॉकर घेतला आणि फटक फटक करत गेले.

आई जमिनीवर बसल्या होत्या. उजवा पाय पाट्यावर ठेवलेला, हातात वरवंटा. टाच फुटली होती, अंगठ्याचं नख काळं पडलं होतं. मला बघूनही त्यांनी वरवंटा उचललाच.

मी वॉकर सोडून दिला. त्यांच्यावर पडले म्हटलं तरी चालेल. वरवंट्यासाठी आमची झोंबाझोंबी झाली, अगदी रस्त्यावरच्या बायकांसारखी. त्यांनी माझे केस धरले, मी त्यांच्या मनगटाला नखं रुतवली. शेवटी वरवंटा माझ्या हातात आला आणि आम्ही दोघी फरशीवर धापा टाकत पडलो.

“सोड,” त्या म्हणाल्या. “त्या पायाला ऱ्हायचा अधिकार न्हाई.”

“एका घरात दोन लंगड्या कशाला, आई? भाकरी कोण करणार, शांतवन?”

त्या हसल्या नाहीत. मीही नाही. पण मी हळद आणली आणि त्यांच्या टाचेला बांधली. ती टाच हातात घेतल्यावर कळलं, तिला किती भेगा आहेत. पहिल्यांदाच हात लावत होते. तोवर ती मला फक्त लागली होती. मला त्या टाचेचा राग होता, आणि तिची दयाही येत होती, आणि दोन्ही एकदम येत असल्याचा पुन्हा राग येत होता.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या पायासमोर आई बसू लागल्या.

हात शिव

मी बाजेवर, टाच स्टुलावर. त्या पाटावर, तळहात माझ्या बोटांच्या वर वीतभर धरून. “हात शिव,” म्हणायच्या. कबड्डीत पायाचा अंगठा लावून गडी बाद करतात, हे त्यांनी माझ्या मुलींच्या मॅचमध्ये पाहिलं होतं. “मी हाय तुझा गडी. कर मला बाद.”

मी मनाने पाऊल उचलायचे. घाम फुटायचा. पाऊल पडून राहायचं. त्यांचा हात दुखायचा, तर त्या दुसरा धरायच्या. पुढे एकदा अंगठा हलला, माशी बसल्यावर कातडी हलते तेवढाच. आईंना दिसला, मला नाही. मग रोज थोडा थोडा हलू लागला. मग पंजा बोटभर उठू लागला आणि तिथेच अडला. ‘एवढ्यावर भागवायचं’ असं मॅडम उघड म्हणाल्या नाहीत, पण त्यांनी नवी पट्टी घ्यायला सांगितली, त्यावरून मी समजले. मला मुलींबरोबर पळायचं होतं. पट्टी घालून शिट्टी वाजवता येते, पळता येत नाही.

या दिवसांत मी जे शिकले ते थोडक्यात सांगते. दुखतंय म्हणून महिनाभर अंथरुणात पडून राहू नका, झेपेल तेवढं चाला. वजन उचलताना अंगाजवळ घ्या. बसून काम असेल तर मधूनमधून उठा. पोटाचे आणि पाठीचे व्यायाम बरे झाल्यावरही सोडू नका, बरं झाल्यावरच माणूस सोडतो. आणि दुखणं पायात उतरलं असेल, तर कंबर कुणाच्याही पायाखाली देऊ नका. तो पाय कितीही मायेचा असो.

आता तो रविवार. उपासनेहून येऊन मी आणि आई नेहमीसारख्या ओट्यावर व्यायामाला बसलो होतो. एक बाहेरगावचा माणूस मोटारसायकलवरून बायकोला घेऊन आला. तिला उतरता येत नव्हतं. मांडीच्या मागे हात दाबून ती गाडीवरच वाकडी बसून राहिली. चेहरा मला ओळखीचा होता. माझाच होता तो, काही महिन्यांपूर्वीचा.

“आजी, हिला तीन लाथा हाना,” माणूस म्हणाला.

आईंनी तळहात माझ्या पायावरून हलवला नाही. तिथूनच त्या बाईला विचारलं, “पाऊल उचलतंय का गं तुझं? मुतायला नीट व्हतंय?”

बाई लाजली आणि मान हलवून हो म्हणाली.

“मग डाक्टरकडं जा. औशदानं बरी व्हशील. माझ्या पायाचं काम न्हाई हे.”

“आमी लई लांबून आलो,” माणूस म्हणाला. “तीन लाथा मारायला काय जातंय तुझं?”

“न्हाई म्हनलं ना.”

तो हसला. बायकोकडे बघून म्हणाला, “सुनंला पांगळी केली ना, म्हनून भ्याली थेरडी.”

हेच वाक्य मी महिनोन् महिने मनात म्हणत आले होते. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. मला त्याच्या कॉलरपर्यंत पोचायचं होतं. मी कुठे बसले आहे, कुठला पाय धड आहे, याचं मला काही भान राहिलं नाही. मी उठायला गेले आणि उजवा पाय स्टुलावरून सुटला, गुडघ्यातून ताठ झाला, आणि त्याच्या टोकाला पाऊल होतं. लोंबणारं नाही. वर उठलेलं, बोटं आभाळाकडे केलेलं. ते आईंच्या तळहातावर बसलं, तळहात त्यांच्या तोंडावर बसला आणि आई पाटावरून मागे कोसळल्या.

माणूस दोन पावलं मागे सरला. मी बाजेच्या काठाला धरून तशीच. पाय अजून हवेत होता. मी त्याच्याकडे बघत होते. मी खाली यायला सांगेपर्यंत तो वरच होता.

आई कोपरावर उठल्या. ओठ फुटला होता, हनुवटीवर रक्त आलं होतं. त्यांनी ते बोटाने पुसलं, बोट बघितलं आणि गल्लीकडे तोंड करून, पोरगी पास झाल्याचं सांगावं तशा मोठ्यांदा म्हणाल्या, “माझ्या सुनंनं मला लाथ मारली.”

शेजारची सून धावत आली. तिने आईंना उठवलं, पाणी दिलं. आईंनी पाणी तोंडात खुळखुळवून थुंकलं. पदर खोचला, पाट सरळ केला आणि पुन्हा माझ्या पायासमोर बसल्या. तळहात धरला, या वेळी आणखी वर.

मी रडत होते. “आई, लागलं का हो?”

“तीन लागत्यात,” त्या म्हणाल्या. “अजून दोन राह्यल्या.”